एक टक्क्याची ठेच

माझं तोंड वाईट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. रोह्यात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. गिऱ्हाईक येतं ते माझ्या हाताला गुण आहे म्हणून. तोंडावर असतं तर दुकान दुसऱ्याच महिन्यात बंद पडलं असतं. पण मशीनबद्दल मी खोटं बोलत नाही. बिघडलं असेल तर बिघडलं म्हणते, आणि चांगलं असेल तर "मशीन धड हाय, धड तू नायस" असंही तोंडावर सांगते. लोक हसतात आणि परत येतात.

त्या बुधवारी मी माझ्या सख्ख्या भावाला तसंच काहीतरी बोलले, आणि तो हसला नाही.

दत्तादादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. पेणला रामवाडीत राहतो आणि नीलकंठशेठच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. बाकी रंग कुणीही देतं, आता तर फवाऱ्याने देतात, बघता बघता मूर्ती सोंडेपासून पाटापर्यंत रंगून तयार. डोळे मात्र हातानेच काढायचे, आणि ते सगळ्यांना जमत नाहीत. कारखान्यात तीस माणसं, त्यात डोळे काढणारे दोन, आणि मोठ्या मूर्तींचे डोळे काढणारा एकटा आमचा दादा. हात जरा हलला, पुसून परत काढला, की शेठ लांबून ओळखतात. मग ती मूर्ती मागच्या रांगेत जाते.

तर हा माझा भाऊ गेम खेळतो. बावन्न वर्षांचा बाप्या! लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद होता तेव्हा घरात बसून वहिनीचं डोकं खायला लागला, म्हणून मीच त्याला एक मशीन जोडून दिलं. एका ऑफिसने मोडीत काढलेलं, आय-फाइव्ह प्रोसेसर, चौथी पिढी, चार कोर, म्हणजे काम ओढणारे चार बैल. वर एक जुनं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि गाड्यांच्या शर्यतीचा गेम टाकला. तेव्हापासून रोज दुपारी अडीच ते तीन तो जेवायला घरी आलेला असतो, मी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असतं, आणि आम्ही दोघं ऑनलाइन गाड्या पळवतो. फोन स्पीकरवर. मी त्याला शिव्या घालते, तो "व्हय गो, व्हय गो" करत मला मागे टाकून जातो. सरूवहिनी म्हणते, तुमचं भांडण ऐकल्याशिवाय मला भांडी घासायला हुरूप येत नाय.

एप्रिलपासून दादा हरायला लागला.

पहिले आठ-दहा दिवस मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग जरा चमत्कारिक वाटायला लागलं. तिसऱ्या वळणावर कड्याच्या कडेने गाडी न्यावी लागते, तिथे तो रोज कठड्यावर आपटायचा. मे गेला, जून गेला. जुलैत एके दिवशी म्हणाला, "नंदे, मशीन मधे मधे ठेचकाळतंय काय गो? का मलाच तसं वाटतंय? एकदा बघ ना." कारखान्याचा टेम्पो मूर्ती सोडायला रोह्याला येत होता, त्यातून त्याने मशीन पाठवूनही दिलं. दोन गणपतींच्या मधे पेंढ्यात गुंडाळून.

मी तपासलं, आणि नीट तपासलं. आधी उघडून धूळ काढली. शाडूची धूळ, हा माणूस कारखान्यातले कपडे त्याच खोलीत झटकतो. दुकानात एका गिऱ्हाइकासाठी जोडलेलं नवं मशीन तयार होतं. त्यातही आय-फाइव्हच, पण बारावी पिढी, सहा कोर, बारा थ्रेड. दादाचं ग्राफिक्स कार्ड आधी जुन्यात ठेवून बघितलं, मग काढून नव्यात लावलं. गेममध्ये एक चाचणीचा फेरा असतो, त्यात गाडी आपली आपणच पळते आणि शेवटी आकडे येतात. तो फेरा दोन्हींवर घेतला. म्हणजे चौथीतला आणि बारावीतला एका बाकावर बसवला आणि दोघांना एकच पेपर दिला. जुन्याची सेकंदाला सरासरी एकाहत्तर चित्रं, नव्याची अठ्ठ्याहत्तर. बस्स. मधे आठ पिढ्या, आणि फरक सात चित्रांचा. त्यातून दादाचा मॉनिटर साठचा, साठाच्या वरचं तो दाखवतच नाही. म्हणजे फरक शून्य, असा मी हिशेब केला.

दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती, एका प्रिंटरने सकाळपासून माझा जीव खाल्ला होता, आणि नेमका तेव्हा दादाचा फोन आला.

"काय निघालं गो?"

"काय नाय निघालं. मशीन ठणठणीत हाय. हात म्हातारे झाले तुझे, दादा. ते बदलून मिळत नायत माझ्याकडे."

गिऱ्हाइकं हसली. मीही हसले. दादा नुसतं "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मी परत प्रिंटरकडे वळले.

शनिवारी सकाळी सरूवहिनीचा फोन आला.

"नंदा, काय बोललीस गो तुझ्या दादाला?"

"मी? काय नाय. का?"

"बुधवारपासून आखणीला बसला नाय तो. शेठना सांगितलंन, मला फवाऱ्यावर टाका. पनवेलच्या मंडळाची नऊ फुटी मूर्ती डोळ्यांवाचून उभी हाय, सोमवारी न्यायला येणार ते. शेठ घरी येऊन हात जोडून गेले. हा आपला खाली बघून बसलेला." वहिनी थांबली, नाक ओढल्याचा आवाज आला. "मला म्हणतो, सरू, हात मागे पडतोय असं मला तीन महिने वाटतच होतं. आता नंदाने तपासून सांगितलंन. नंदा मशीनचं खोटं सांगत नाय."

मी मटकन खाली बसले. खुर्ची मागे आहे का तेही बघितलं नाही, आणि ती नव्हती.

मला वाटलं होतं, दादा मशीनची चौकशी करतोय. मशीनशी त्याला काय देणंघेणं! तीन महिने तो त्या वळणावर आपटत होता आणि तीन महिने स्वतःच्या हाताकडे बघत होता. आता मोठ्या मूर्तींचे डोळे काढायची वेळ आली, तेव्हा धीर करून त्याने मला विचारलं, मशीन का मी? आणि मी तीन गिऱ्हाइकांदेखत सांगितलं, तू. मला स्वतःची इतकी चीड आली की काय सांगू.

आकडे परत काढले. सरासरीच्या खाली आणखी एक ओळ असते. गिऱ्हाईक कधी ती विचारत नाही, म्हणून मीही कधी बघत नाही. सगळ्यात वाईट एक टक्का. म्हणजे शंभरातलं सगळ्यात रखडलेलं एकेक चित्र बाजूला काढायचं आणि तेवढ्यांचाच वेग बघायचा. नव्याचा होता एकोणसाठ. जुन्याचा तेवीस.

तेवीस! मी कपाळावर असा हात मारला की शेजारचा झेरॉक्सवाला काय झालं म्हणून बघायला आला.

सरासरी म्हणजे कसं, रोह्याहून सुटलेली एसटी सव्वा तासात पेणला पोचली एवढंच ती सांगणार. नागोठण्याच्या अलीकडे ट्रेलरच्या मागे दहा मिनिटं ठप्प उभी होती, ते नाही सांगणार. चित्रं काढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं, आणि कार्ड दोन्हीकडे एकच, म्हणून सरासरी जवळजवळ आली. पण आता पुढचं काय काढायचं ते प्रोसेसरने सांगायचं असतं. जिथे एकदम आठ गाड्या, धुरळा आणि कठडा समोर येतो, तिथे चार कोरवाल्याची तारांबळ उडते. चित्र क्षणभर थांबतं आणि मग टुणकन पुढे उडी मारतं. तिसऱ्या वळणावर नेमकं हेच होत होतं. एप्रिलमध्ये गेमचा मोठा अपडेट आला होता, त्यात गर्दी आणि धुरळा वाढवला होता. हे सगळं मला माहीत होतं हो! माहीत असून मी बघितलं नाही.

लगेच फोन लावला.

"दादा, मी चुकले. मशीनच होतं ते. तुझ्या हाताला काय झालेलं नाय."

दादा हसला, पण कसंनुसं. "नंदे, जन्मात कधी चुकले म्हणालीस काय? तू गोड बोलायला लागलीस म्हणजे माझं खरंच संपलं."

"अरे गाढवा, एक टक्का तेवीस आलाय!"

"आता शिव्या पण मन राखायला घालतेस," तो म्हणाला. "असू दे गो. जेवलीस काय?"

अशा माणसापुढे काय डोकं आपटायचं? त्याला सांगून पटणार नव्हतं. त्याच्या त्यालाच दिसायला हवं होतं. रविवारी सकाळी माझ्या नवऱ्याच्या, चंदरच्या हातातून ईको गाडीची चावी काढून घेतली. मागे दोन्ही मशीनं घातली, एकसारखे दोन मॉनिटर घातले, दादाच्या कार्डासारखंच दुसरं कार्ड दुकानात होतं ते नव्या मशीनमध्ये बसवलं. ज्याचं नवं मशीन होतं त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, दोन दिवस थांब नायतर दुसरीकडे जा. तो बिचारा थांबला.

रामवाडीला पोचले तर दादा दारात बसलेला. दाढी वाढलेली, आणि बोटं मनगटापर्यंत गुलाबी. आखणीवाल्याच्या बोटांना कधी रंग लागलेला नसतो, नखांनासुद्धा नाही. त्या गुलाबी रंगाकडे बघून माझा जीव तुटला.

"कशाला एवढं वाहून आणलंस गो?"

"तुझं तोंड बघायला. सरक."

टेबलावर दोन्ही मॉनिटर मांडले, मशीनं खाली ठेवली. आधी त्याला नव्यावर बसवलं आणि म्हटलं, खेळ. मला वाटलं, आता सुळकन जाईल आणि आपोआप हसेल. पहिलं वळण गेला, दुसरं गेला, आणि तिसऱ्यावर धाडकन कठड्यावर.

दादाने कीबोर्डवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. खरं सांगते, त्या क्षणी माझाही धीर सुटला. म्हटलं, चुकून आपण बुधवारी खरंच तर बोललो नाही ना?

"परत खेळ," मी म्हटलं.

"कशाला गो."

"परत!"

दुसऱ्या वेळी मी पडद्याकडे बघितलंच नाही, त्याच्या बोटांकडे बघितलं. वळण यायच्या जरासं आधीच तो गाडी वळवत होता. तीन महिने त्या जुन्या मशीनवर चित्र तिथे थांबायचं आणि उडी मारायचं, म्हणून त्याच्या हाताने त्या उडीचा अंदाज धरला होता. नव्यावर उडीच नव्हती, म्हणून लवकर वळून आपटत होता. मी हे त्याला समजावून सांगितलं. त्याने मान हलवली, पण ती पटल्याची मान नव्हती.

"बरं, खेळू नको," मी म्हटलं. "नुसतं बघ. वहिनी, इकडे ये."

मी आणि दादा बाहेर पायरीवर जाऊन बसलो. वहिनीने आत मशीनच्या वायरी हव्या तशा अदलाबदल करायच्या, वर चादर टाकायची, आणि कुठलं मशीन कुठल्या मॉनिटरला लावलं ते कुणाला सांगायचं नाही. म्हणजे दादाला कळायला नको आणि मलाही नको, नाहीतर मी डोळ्यांनी खूण केली म्हणायला हा मोकळा. "मला काय कळतंय वायरीतलं," वहिनी करवादली, पण केलंन. आत बराच वेळ खुडबुड चालली होती.

मग दादाच्या हातात मोबाइल दिला, त्यात स्टॉपवॉच. "गाडी आपली आपण पळेल. जिथे ठेचकाळली असं वाटेल तिथे बोट दाब. दुसरं काय करू नको."

फेरा आणि स्टॉपवॉच एकदम सुरू केले. डावीकडचा मॉनिटर आधी. दीड मिनिटाचा फेरा, दादाने एकदाच बोट दाबलं. मग उजवीकडचा. दाबलं. परत दाबलं. मी त्याच्या शेजारी बसून डोळे फाडून बघत होते, मला चार वेळा चित्र अडल्यासारखं वाटलं. दादाने अकरा वेळा दाबलं.

"अकरा कुठल्या रे? चार होत्या."

"अकरा. ती झाडांची रांग सुरू होते तिथेच तीन हायत."

मशीन प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते लिहून ठेवत असतं. ती यादी उघडली. चादर उचलली, उजवीकडचं जुनं होतं. जुन्याच्या यादीत मोठ्या ठेचा अकरा. नव्याच्या यादीत एक, इतकी बारीक की मी ती ठेच म्हटलीच नसती. झाडांच्या रांगेत तीन होत्या. मग मी स्टॉपवॉचच्या वेळा त्या यादीशेजारी लिहिल्या आणि एकेक जुळवत गेले. ठेच, आणि पाव सेकंदाने दादाचं बोट. ठेच, पाव सेकंद, बोट. बाराच्या बारा वेळा तेच, इकडचं तिकडे नाही.

तोच फेरा मी स्वतः दिला. अकरातल्या पाच सापडल्या, आणि बोट दर वेळी वेगळ्याच उशिराने. मी आठ वर्षांनी लहान आहे, बरं का.

"हे बघ," मी कागद त्याच्यापुढे आपटला. "डोळा बघ. बोट बघ. पंचविशीतल्या पोराला पण पाव सेकंद लागतो. मशीन सांगतंय हे, मी नाय सांगत."

दादाने कागद बराच वेळ वाचला. एकेक ओळ बोटाने. मग म्हणाला, "खरं हाय गो. मशीन होतं."

"मग? चल कारखान्यात."

"पण हात कापतो ना." त्याने उजवा हात पुढे धरला. आणि खरंच, बोटांची टोकं हलत होती. "गेम खेळताना नव्हता कापत. ब्रश धरताना नव्हता कापत. बुधवारी फोन ठेवला आणि संध्याकाळी ब्रश घेतला, तेव्हापासून कापतो. तू बोललीस ना, तेव्हापासून."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी उलट भांडले असते. मला रडूच फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडले, वहिनीच्या पदराला नाक पुसलं. माझ्या भावाने माझ्या तोंडचा शब्द इतका मनाला लावून घेतला होता, आणि मी तो प्रिंटर दुरुस्त करता करता फेकला होता.

"दादा, मला माफ कर रे."

"माफ काय करायचंय त्यात," तो म्हणाला. "तू रडू नको, मला कसंतरी होतं." आणि मग स्वतःच उठला, मोरीवर जाऊन हात धुतले. गुलाबी रंग निघेपर्यंत साबण लावत होता. "चल. शेठ वाट बघत असतील."

कारखान्यात रविवार असूनही सगळे कामाला होते. त्या दिवसांत कारखान्याला रविवार नसतो. मधोमध ती नऊ फुटी मूर्ती, अंगावर दागिने, पितांबर, सगळं झालेलं, आणि डोळ्यांच्या जागी नुसती पांढरी जागा. नीलकंठशेठनी स्वतः शिडी आणून लावली. दादा वर चढला. काळ्या रंगात ब्रश बुडवला, उजव्या डोळ्यापाशी नेला, आणि ब्रशचं टोक थरथरताना मला खालून दिसलं. त्याने हात मागे घेतला. परत नेला, परत मागे.

तीस माणसं हातातली कामं टाकून उभी. मी तर तोंडावर हात दाबून धरला होता.

"नंदे," दादा वरून म्हणाला, मागे न बघता. "तू गप्प का गो? तू गप्प बसलीस की वाटतं काहीतरी लपवतेस. बोल."

"काय बोलू?"

"कायपण. खरं बोल."

मग सुटलेच मी. म्हटलं, दाढी बघ तुझी, पनवेलवाले तुला बघून मूर्ती इथेच टाकून जातील. म्हटलं, तीन महिने एकटाच कुढत बसलास, बहीण काय मेली होती? म्हटलं, लहानपणी माझ्या पाटीवर चित्रं काढून मला शाळेत मार खायला लावलास, तेव्हापासून तुझा हात मला माहीत हाय, तो कापेल कसा, कापायची त्याची टाप नाय. शेठ हसायला लागले, पोरं हसायला लागली. दादाची पाठ हसण्याने हलत होती. मग ती हलायची थांबली. ब्रश टेकला. मला थांबायची भीती वाटत होती, बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून नव्या मशीनची माहितीच घोकायला लागले, सहा कोर, बारा थ्रेड, अमुक रॅम, तमुक पंखा, आणि गुणाकाराचा पाढा म्हणावा तसं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. उजवा डोळा झाला. ब्रश परत बुडवला. डावा झाला. बुबुळातला पांढरा ठिपका एका टेकणीत दिला आणि तो मागे सरकला.

शेठ लांब, दाराशी जाऊन उभे राहिले. तिथून कितीतरी वेळ बघत होते. मग त्यांनी हात जोडले, मूर्तीला का दादाला कोण जाणे.

दादा शिडी उतरायला लागला. शेवटच्या पायरीवर त्याने आधारासाठी हात पुढे केला, मी तो घट्ट धरला.

"कापतोय की गो," तो म्हणाला.

"तुझा नाय," मी म्हटलं. "माझा कापतोय."